नाशकात अजून काय बघायचं राहिलंय?

२ नोव्हेंबर, रविवार

औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत लॅबमध्ये वाटलेली ही डायरी. दहा महिने कोरीच पडली होती. आज लिहायला घेतेय, कारण मंगळवारपासून आमच्या घरात नऊ वर्षांची मुलगी आहे आणि मनात जे जे येतं ते सगळं रवीला सांगायची मला लाज वाटते.

तिचं नाव वैष्णवी. धुळ्याच्या एका संस्थेतून आली. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार दत्तकाच्या यादीत नाव लावून बसण्यात गेली. आमच्या वयाला तान्हं बाळ मिळणार नाही हे माहीत होतं. तरी फोटो आला तेव्हा आनंदाच्या आधी भीती वाटली. नऊ वर्षं ही मुलगी कुठेतरी होती आणि त्यातलं माझ्या हातात काय, तर एक कागद. सहा महिन्यांची असताना दाखल. गोवर. कावीळ. इयत्ता चौथी.

ती मला पहिल्या दिवसापासून ‘आई’ म्हणते. संस्थेत शिकवूनच पाठवलंय. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणतात तसं म्हणते. पाणी प्यायचं तर, ‘आई, पाणी पिऊ का?’ बाथरूमला जायचं तर, ‘आई, जाऊ का?’ सोळा वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आता दिवसातून चाळीस वेळा ऐकू येतो आणि दर वेळी मला वाटतं, हिला कुणा दुसरीलाच हाक मारायचीय.

आज मुक्तिधामला गेलो. घरापासून चालत दहा मिनिटं. मला वाटलं होतं पांढरं संगमरवर बघून खूश होईल. मी भिंतीवरचे गीतेचे अध्याय दाखवले, तिनं ‘हो आई’ म्हटलं आणि चपलांच्या स्टँडपाशी जाऊन बसली, फाटकाकडे तोंड करून. तासभर बसली. निघताना तिनं पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारला.

‘नाशिकला लोक काय काय बघायला येतात?’

मी म्हटलं, ‘खूप आहे की. पांडवलेणी, रामकुंड, सीतागुंफा, सोमेश्वर…’

‘सगळी माणसं येतात? दुसऱ्या गावची पण?’

‘सगळ्या महाराष्ट्रातून येतात.’

‘मग आपण सगळीकडे जाऊ या?’

घरी आल्याबरोबर मी कॅलेंडरच्या पाठीमागे यादी केली. रवी हसला. म्हणाला, ‘तीस वर्षं नाशकात काढली, मला कधी पांडवलेणीवर नेलं नाहीस.’ हिला फिरायची आवड आहे. चला, काहीतरी सापडलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पांडवलेणी. मी रात्री बसून वाचून गेले होते. चोवीस लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीची, पांडवांचा काही संबंध नाही, बौद्ध भिक्खूंची. पायऱ्या चढताना माझाच दम गेला, ही सरसर पुढे. तिसऱ्या लेण्यात मी तिला दाखवलं, की हा लेख एका आईनं कोरवून घेतलाय. गौतमी तिचं नाव. मुलगा राजा होता, तो गेल्यावर त्याचं कौतुक तिनं दगडात लिहून ठेवलं.

सांगताना माझा आवाज जरा हलला. मागे वळून बघते तर ही ओट्याच्या कडेला उभी राहून खाली पायऱ्यांकडे बघतेय. चढून येणारा एकेक माणूस बघत होती. माझं एक अक्षर ऐकलं नसणार.

उतरताना तिनं पुढच्या एका म्हाताऱ्या बाईचा पदर धरला. बाई वळली तशी हिनं हात सोडला. ‘चुकून’ म्हणाली. गर्दी होती, होतं असं.

गाडीतळावर रवीनं तिला गाड्यांचे नंबर समजावले. एमएच पंधरा म्हणजे नाशिक, बारा म्हणजे पुणे. ‘धुळ्याचा किती?’ अठरा. मग घरी येईपर्यंत खिडकीला नाक लावून नंबर वाचत होती. रवी खूश, की पोरीला गाड्यांचा नाद आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पंचवटी. रामकुंडावर कुंभमेळ्याची खोदाखोद चाललीय, रस्ते बंद, धूळ, तरी माणसांना तोटा नाही. सीतागुंफेत आत वाकून जायचं असतं, तिला मजा वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘आत कोण दिसणार? बाहेर थांबू.’

मग गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पायरीवर बसलो. तीन तास. मी भेळ आणली, अर्धी तिच्यासमोर तशीच राहिली. ती अजून नीट जेवत नाही. मी समोर बसते, प्रेमानं बघते, आणि तिचा घास हातातच राहतो. काय चुकतं कळत नाही.

‘गंगेवर सगळ्यांना यावंच लागतं ना?’ तिनं विचारलं.

‘यावंच असं नाही गं. पण येतात बरेच. कुणी आंघोळीला, कुणी अस्थी घेऊन.’

‘अस्थी म्हणजे?’

सांगितलं. तिनं पाण्याकडे पाठ केली. मग म्हणाली, ‘मग अस्थीवाले नको बघायला.’

किती हळवी आहे.

७ डिसेंबर, रविवार

मधले दोन रविवार तापात गेले. कपाळावर पट्ट्या ठेवताना ती झोपेत पुटपुटत होती, मला शब्द कळेनात. रवी म्हणाला, अहिराणी आहे. त्याची आई सटाण्याकडची, त्याला येते. ‘काय म्हणतेय?’ विचारलं तर म्हणाला, ‘कोठे शे, कोठे शे, एवढंच. कुठे आहे म्हणून.’ पाणी मागत असेल.

आज अंजनेरीच्या नाण्यांच्या संग्रहालयात नेलं. मला स्वतःला फार आवडलं. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं, शांत, स्वच्छ. मी सातवाहनांच्या नाण्यावर वाकून बघतेय, तर ही माझी ओढणी ओढतेय.

‘आई, इथे कुणीच येत नाही.’

‘मग छानच की. सगळं आपल्याला नीट बघता येतं.’

‘गर्दी असते तिथे जाऊ.’

मी चिडले. त्या शांततेत मोठ्यानं चिडायची सोय नव्हती म्हणून मनातल्या मनात चिडले. रवीला गाडीत म्हटलं, हिला जत्राच हवी. त्यानं आरशातून मागे बघितलं आणि म्हणाला, ‘असू दे गं.’ त्याचं हे असू दे मला कधीकधी फार टोचतं. त्याच्याशी ती बोलते. माझ्याशी परवानग्या मागते.

२१ डिसेंबर, रविवार

नांदूर मध्यमेश्वर. पहाटे थंडीत निघालो. रवीनं दुकानातली दुर्बीण आणली होती. त्याच्या चष्म्याच्या दुकानात कित्येक वर्षं काचेमागे पडून होती, कुणी घेतली नाही. पाण्यावर हजारो पक्षी. गाइड पोरगेला होता पण जाणता, प्रत्येकाचं नाव सांगत होता. मनोऱ्यावर चढलो आणि मी दुर्बीण वैष्णवीच्या हातात दिली.

तिनं ती पाण्याकडे धरलीच नाही. पाठ फिरवून गाड्या उभ्या होत्या तिकडे धरली.

गाइड म्हणाला, ‘बाळा, पक्षी इकडे आहेत.’

ती म्हणाली, ‘अठराच्या दोन आहेत.’

तिला धुळ्याची आठवण येते एवढं आता मलाही समजलं. साहजिक आहे. येईल आणि जाईल. समाजकार्यकर्त्या मॅडम मागे भेटीला आल्या तेव्हा म्हणाल्याच होत्या, सहा महिने द्या. जिल्हाधिकारी कचेरीतून अजून दत्तकाचा आदेश यायचाय. तिथे मुलीला विचारतात म्हणे, राहायचंय का. ती काय सांगेल याची मला रोज भीती वाटते. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना मी म्हणते, काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल. मला कुणी तसंही म्हणत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

 आजचं आजच लिहिते.

सोमेश्वरला गेलो होतो. नाताळची सुट्टी, तोबा गर्दी. धबधब्याला फारसं पाणी नव्हतं, पण माणसं होती आणि ती बघून वैष्णवीचा चेहरा उजळला होता. मी भाजलेली कणसं घ्यायला वळले, रवी गाडी लावायला गेला होता. वळून बघते तर ती नाही.

चाळीस मिनिटं. मी नदीच्या कडेला धावले, देवळात धावले, तिच्या नावानं ओरडले. पाण्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं आणि नजर तिकडेच जात होती. त्या चाळीस मिनिटांत मला एक गोष्ट नक्की कळली, की ही मुलगी नसेल तर मी घरी जाऊ शकत नाही.

रवीला ती पार टोकाला सापडली, जिथे मोठ्या गाड्या लागतात. अठरा नंबरचा टेम्पो ट्रॅव्हलर होता. बायका डबे सोडून बसल्या होत्या आणि ही त्यांच्यात उभी होती. एकीनं तिच्या हातात पेरू दिला होता. मी पोचले तेव्हा ती बाई रवीला म्हणत होती, ‘तुमची का हो? केव्हाची विचारती, नवसाबाई आली का, नवसाबाई आली का. आमच्यात कोणी नवसाबाई नाय.’

‘कोण नवसाबाई?’ मी विचारलं.

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलंच नाही. रवी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अहिराणीत काहीतरी म्हणाला. मग ती बोलायला लागली. दोन महिन्यांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. भराभर, रडत रडत, हात हलवत. मला चार शब्दांतला एक कळत होता. मावशी. गंगा. जीप.

रवीनं गाडीत बसल्यावर सांगितलं. नवसाबाई ही संस्थेतली मावशी. सहा महिन्यांची होती तेव्हापासून हिला तिनंच वाढवलं. आम्ही न्यायला गेलो त्या दिवशी ही जीपमध्ये बसेना. मला आठवतं, आम्हाला ऑफिसात चहा देऊन बसवून ठेवलं होतं आणि बाहेर कुणाचातरी आवाज चालला होता. तेव्हा नवसाबाईनं तिला सांगितलं, रडू नको, मी नाशिकला येणारच आहे. नाशिक बघायला सगळीच माणसं येतात. तू फिरत राहा, मी तिथेच कुठेतरी भेटेन.

म्हणून मुक्तिधामचं फाटक. म्हणून पायऱ्या. म्हणून दुर्बीण. आठ आठवडे मी तिचा हात धरून नाशिक दाखवत होते आणि ती माझा हात धरून दुसऱ्या बाईला शोधत होती.

२९ डिसेंबर, सोमवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. ती आज लिहायलाच हवी.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, ‘एवढी तीच हवी असेल तर जा मग तिच्याकडे.’

ती हो आई म्हणाली नाही. तिनं पेरू ओट्यावर ठेवला आणि कोपऱ्यात उभी राहिली, शिक्षा झाल्यासारखी. रवी माझ्याकडे असा बघत होता की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

३१ डिसेंबर, बुधवार

समाजकार्यकर्त्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, नवसाबाई दिवाळीच्या सुमारास कामातून निवृत्त झाल्या, आता संस्थेत नाहीत. आणि लगेच जुन्या माणसांशी गाठ घालून देऊ नका, मूल नव्या घरात रुजायला वेळ लागतो.

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी काही करायचं नाही असं एका शिकलेल्या बाईनं मला सांगितलं होतं.

४ जानेवारी, रविवार

सकाळी विचारलं, ‘आज कुठे जायचं?’

‘कुठे नको.’

‘बोट क्लब राहिलाय. गंगापूर धरणावर बोटी असतात.’

‘नको आई. तुम्ही दमता.’

दिवसभर अभ्यास केला. ताटातलं सगळं संपवलं. भांडं धुऊन ठेवलं.

११ जानेवारी, रविवार

तिला आता काही सांगावं लागत नाही. सांगितलं ते करते, वाढलं ते खाते. शेजारच्या गुलजारबी म्हणाल्या, ‘किती गुणी पोरगी मिळाली तुम्हाला.’ मी हसले आणि दार लावून भिंतीला टेकून उभी राहिले.

मला हवं होतं तेच झालंय. ती आता कुणाला शोधत नाही. फाटकाकडे बघत नाही. गाड्यांचे नंबर वाचत नाही. रवीनं संध्याकाळी मुद्दाम बाहेर नेलं, समोरून अठरा नंबरचा ट्रक गेला, हिनं मान वळवली नाही. त्यानं घरी येऊन सांगितलं आणि म्हणाला, ‘योगिनी, ही थांबलीय गं.’

थांबलीय म्हणजे काय ते मी विचारलं नाही. उद्या रजेचा अर्ज टाकणार आहे.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

काल धुळ्याला जाऊन आले. एकटीच, एसटीनं, मालेगाववरून. मॅडमना कळवलं नाही. रवीला सांगितलं, वैष्णवीला नाही.

संस्थेत त्यांनी पत्ता द्यायला नकार दिला. त्यांचंही बरोबर आहे. फाटकावरच्या वॉचमननं मात्र विचारलं, ‘नवसाबाई का? त्या आमच्याच गल्लीत राहतात,’ आणि समोरच्या रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

वाटेत मी ठरवत होते काय काय बोलायचं. मनात एक रुबाबदार, मायाळू, माझ्यापेक्षा सगळ्यात वरचढ बाई उभी केली होती. दारात बसली होती ती काटकुळी, पायाला फडकं गुंडाळलेली, साठीची बाई. तीळ निवडत होती. मी नाव सांगितलं तशी सूप बाजूला ठेवून उठायला गेली आणि उठता येईना.

‘वैष्णवी बरी शे ना?’

‘बरी आहे.’

‘मग तुम्ही का आल्या?’

मी सांगितलं. मुक्तिधामपासून सोमेश्वरपर्यंत सगळं. ती ऐकताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

‘ताई, मी खोटं बोलले तिला,’ ती म्हणाली. ‘तीच एक नाही. सतरा पोरं दिली मी अशी. सगळ्यांना सांगितलं, येते मी मागून. पुण्याला येते, मुंबईला येते. एक तर परदेशी गेला, त्यालाही सांगितलं येते म्हणून. नाही तर गाडीत बसत नाहीत हो. कोणाला तरी बोलावंच लागतं. साहेब लोक थोडंच बोलणार?’

‘आणि मग?’

‘मग काय. विसरतात. विसरत असतील असं धरून चालायचं.’ सूप परत पुढे ओढत म्हणाली, ‘माले वाटलं हीपण विसरेल. मी तर नाशिक पाहिलंबी नाही. लोकांकडून ऐकलेलं सांगितलं.’

मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. ती नाही म्हणाली. गुडघे गेलेत, आणि दुसरंही कारण तिनंच सांगितलं. ‘मला पाहिल्यावर ती तुमच्याकडे राहायची नाही. तुमचं घर मोडेल, ताई. मला नका नेऊ.’

मी हे ऐकायलाच आले होते की काय कोण जाणे. मी तिथून उठू शकत होते. ती बाई स्वतःच नको म्हणतेय, गुडघे दुखतात, डॉक्टर पण नकोच म्हणतील. परतीच्या एसटीला वेळ होता आणि मी आत जाऊन तिच्या चुलीवर चहा ठेवला, कारण तिला उठवत नव्हतं. चहा पिताना तिनं विचारलं, ‘जेवते का?’

‘नव्हती जेवत. आता जेवते.’

‘तुम्ही समोर बसता का तिच्या?’

‘हो.’

‘समोर नका बसू. शेजारी बसा, आणि दुसरीकडे बघा. पंगतीत वाढलेली पोर शे ती. समोर कोणी बसलं की वाटतं तपासायला आलं.’

अडीच महिने. एवढं साधं. मला रडू आलं आणि तिला वाटलं धूर लागला.

‘शनिवारी रवी गाडी घेऊन येईल,’ मी म्हटलं. ‘दोन दिवस राहा. घर मोडायचं तर मोडू दे.’

१८ जानेवारी, रविवार

काल दुपारी आल्या. मला वाटलं होतं वैष्णवी धावत जाऊन बिलगेल. ती दारात उभी राहिली, आधी त्यांच्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाली, ‘किती उशीर केला तू!’ असं भांडली की बास. कुठे कुठे शोधलं ते तारखेसकट सांगितलं. नवसाबाई नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी हात पसरले तेव्हा कुठे ती गेली.

मी स्वयंपाकघरात होते. कूकरच्या तीन शिट्ट्या व्हायला हव्या होत्या, माझ्या सहा झाल्या.

आज मावशींना नाशिक दाखवलं. रवीनं गाडी जिथे जाईल तिथपर्यंत नेली. पांडवलेणीच्या पायथ्याशी नवसाबाईंना खुर्चीवर बसवलं, त्यांना वर चढणं शक्यच नव्हतं. वैष्णवी म्हणाली, ‘थांब, मी बघून येते आणि तुला सांगते.’ मी तिच्यामागे चढले. तिनं तिसऱ्या लेण्यात जाऊन भिंत नीट बघितली, खाली धावत आली आणि मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायला लागली. चोवीस लेणी शेतस. पांडवांची नाहीत, लोक उगाच म्हणतात. एक आई होती गौतमी, तिचा मुलगा राजा होता, तो वारला, मग तिनं दगडावर त्याचं कौतुक लिहिलं, म्हणून अजून वाचता येतं.

माझेच शब्द. त्या दिवशी तिनं सगळं ऐकलं होतं.

नवसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कणीस घ्यायच्या निमित्तानं बाजूला गेले.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी स्टँडवर मावशींना धुळ्याच्या गाडीत बसवलं. त्यांनी गाडीनं सोडायला नको म्हटलं, एसटीत ओळखीचे कंडक्टर असतात म्हणाल्या. वैष्णवी खिडकीखाली उभी.

‘आता कधी येशील?’

नवसाबाईंनी तोंड उघडलं. सतरा वेळा जे म्हटलं तेच येणार होतं, मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘नाही येणार बाई. पाय नाहीत माझे. मी येते म्हणते ते खोटं असतं. तूच ये.’

गाडी हलली तशी वैष्णवी किंचाळली. मी धरलं तर मला मारलं, पोटात, हातावर, मनगटाला चावली. फलाटावरची सगळी माणसं बघत होती. एक बाई मला म्हणाली, ‘फार लाडावलीय हो तुमची.’ मी हो म्हटलं. इतकी वर्षं मला कुणी असं म्हटलं नव्हतं. अर्धा तास ती रडत होती आणि अर्धा तास मी सिमेंटच्या बाकावर तिला मांडीत घेऊन बसले होते, नऊ वर्षांच्या पोरीला, लांब पाय खाली लोंबत असलेल्या. लॅबला उशीर झाला. मनगटावर अजून दातांचे वण आहेत.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज जिल्हाधिकारी कचेरीत बोलावलं होतं. समाजकार्यकर्त्या मॅडमही होत्या. धुळ्याचं मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, त्या रागावल्या, मग म्हणाल्या, बघू. दोन तास बाकावर बसलो. वैष्णवीनं नवा फ्रॉक घातला होता. गुलजारबींनी शिवलेला. रवी सारखा चष्मा पुसत होता.

साहेब वयानं माझ्याहून लहान असतील. त्यांनी आमची कागदपत्रं चाळली, मग फाइल मिटून तिला जवळ बोलावलं.

‘काय गं, इथे आवडतं का?’

‘हो.’

‘यांच्याकडेच राहायचं का कायमचं? तुला जे वाटतं ते सांग. कुणी रागावणार नाही.’

 मी माझ्या चपलांकडे बघत होते. पंख्याचा आवाज येत होता. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला, साहेबांनी खुणेनं थांबवलं.

‘महिन्यातून एक रविवार मला धुळ्याला जायचंय,’ वैष्णवी म्हणाली. ‘बाकीचे दिवस इथे.’

‘बाकीचे म्हणजे किती दिवस?’

तिनं जरा विचार केला. ‘बाकीचे सगळे.’

साहेब हसले आणि आमच्याकडे वळले. ‘अर्जदारांना ही अट मान्य आहे का?’

रवी हो म्हणाला. मी नुसती मान हलवली. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. साहेबांच्या टेबलापासून ती माझ्यापर्यंत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तोंडानं सांग.’

मी तोंडानं सांगितलं.